वाटेत देवखोल लागतं

आरे कॉलनी, गोरेगाव
२९ ऑक्टोबर १९५२

प्रिय ॲम्ब्रोज,

परवा अंधेरीच्या बाजारात क्लॅरिसवहिनी भेटल्या. सुक्या बोंबलांचा भाव करता करता मला म्हणाल्या, "तुमच्या मित्राला वेड लागलंय. गोव्याला चालत निघालाय. बोटी काय बुडाल्या सगळ्या?" मला आधी खरंच वाटेना. शाळेच्या सहलीत कान्हेरीच्या पायऱ्यांवर पोरांच्या आधी जो मास्तर बसकण मारतो, तोच हा मास्तर! मग त्यांनी तुझ्या आईच्या, एथेलमावशींच्या, नवसाचं सांगितलं.

तुला विषमज्वर झाला होता तेव्हाचा नवस ना? तो महिना मला चांगला आठवतो. आपण इंटरला होतो. मी तुला बघायला बोरीवलीत एक्सरला यायचो आणि मावशी मला आधी जेवायला बसवायच्या. "उपाशी माणसानं आजाऱ्याकडं जाव नाय," म्हणायच्या. तू आत तापात बरळायचास आणि मी बाहेर तांदळाच्या भाकऱ्या हाणायचो. पोरगा वाचला तर चालत गोव्याच्या सायबाच्या पायाशी जाईन, असं त्या बोलल्या होत्या, आणि जायचं राहून गेलं. आता त्या नाहीत, म्हणून त्यांच्या वाटचं तू चालणार. या डिसेंबरात त्या संताचं, गोव्याच्या सायबाचं, शव दर्शनाला ठेवणार आहेत, पुन्हा इतक्या जवळून दर्शन मिळेल की नाही कोण जाणे, हेही वहिनींनी सांगितलं. जा बाबा.

आता माझं थोडं. कणकवलीच्या पुढे, सडकेपासून जरा आत, देवखोल लागतं. माझं गाव. तुझ्या वाटेतच आहे म्हणून लिहितो, दुसरं काही नाही. सोळा वर्षं मी तिथे पाय ठेवलेला नाही हे तुला माहीत आहे. जमलं तर आमच्या घरावरून जा. ओढ्याच्या पलीकडे, दारात सुरंगीचं झाड. काशीरामदादा कसा दिसतो, वनमालावहिनी हिंडतीफिरती आहे का, एवढं बघ. मी पाठवलंय असं मात्र सांगू नकोस. तहान लागली म्हण, पाणी माग.

आणि मी तिकडे जायला टपून बसलोय अशी समजूत करून घेऊ नकोस. दादानं बोलावल्याशिवाय मी त्या घरात जाणार नाही. गेलो तर सुहासिनीला घेऊनच जाईन.

पायांना एरंडेल चोळत जा.

तुझा,
लवू

पेण
९ नोव्हेंबर १९५२

प्रिय लवू,

मंगळवारी पहाटे आईच्या कबरीवर मेणबत्ती लावली आणि निघालो. बरोबर कॉस्मसमामा आहेत, माझ्या आईचे धाकटे भाऊ, गोराईचे. बासष्ट वर्षांचा माणूस, पण माझ्यापेक्षा जोरात चालतो आणि चालताना लिटनीची प्रार्थना गातो. वाटेतल्या लोकांना ते भजन वाटतं. पनवेलजवळ एका बाईनं दोघांनाही नमस्कार केला. मी खुलासा करायला थांबलो, तर मामा म्हणाले, "आरं, नमस्कार देवालाच पोचला ना? मग तू कशाला मधी पोस्टमन होतंस?"

काल शनिवार होता. पेणच्या अलीकडे एका घराशी पाणी मागायला थांबलो. अंगणात तेलाचा घाणा होता, पण बंद. ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ टोपी घालून बसले होते. म्हणाले, "आज चूल पेटत नाही आमच्यात, पण कालचे पोळे आहेत, बसा." बेने इस्रायली कुटुंब होतं. त्यांचे दोन्ही मुलगे गेल्या वर्षी बोटीनं इस्रायलला गेले. कुठे चाललात, कशासाठी, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "बरं आहे तुमचं. जाता आणि परत येता."

मला एक शंका छळते आहे. नवस आईनं केला. पाय माझे दुखतायत. हे तिच्या हिशेबी कसं धरायचं? निघण्यापूर्वी फादरना विचारलं, तर हसले आणि म्हणाले, "हे पाय तरी तुम्हाला दिले कोणी?" उत्तर छान होतं. पण छान उत्तरांनी माझं समाधान होत नाही, तुला माहीतच आहे.

देवखोलला मी जाईन. पण तहान लागलेली नसताना तहान लागली असं कसं सांगू? माणसाच्या ओसरीवर बसायचं, त्याच्या घरातलं पाणी प्यायचं आणि आपण कोण, कोणाकडून आलो हे लपवायचं, हे मला जमेल असं वाटत नाही. तू जमवायला सांगतोस म्हणून प्रयत्न करीन.

आणि इतक्या वर्षांत विचारलं नाही ते आता विचारतो. दादा तुला नेमकं काय म्हणाला होता? पत्र चिपळूणच्या पोस्टमास्तरांच्या नावे धाड. आम्ही तिथे जाऊन विचारू.

तुझा,
ॲम्ब्रोज

आरे कॉलनी
१४ नोव्हेंबर १९५२

प्रिय ॲम्ब्रोज,

विचारतोस म्हणून सांगतो.

छत्तीस साल. सुहासिनी सोळाव्या वर्षी विधवा झालेली, साताऱ्याकडची, मामाकडे लालबागेत राहून बायकांच्या शिवणवर्गात शिकवायची. आम्ही नोंदणी करून लग्न केलं. मी दादाला कळवलं. महिन्याभरानं तो बोटीनं आला, सरळ आमच्या चाळीत. उंबरठ्याच्या बाहेर उभा राहिला. "आत ये," म्हटलं तर आला नाही. म्हणाला, "गावात लोक काय काय बोलतत. मी बोलावल्याशिवाय घराक येव नको." बस्स. बाप गेल्यावर ज्यानं मला शेत राखून शिकवलं, बोर्डिंगात ठेवलं, तो माणूस हे बोलला. सुहासिनी पाण्याचा पेला घेऊन पुढे आली. ते बघवेना म्हणून मी गॅलरीच्या टोकाला निघून गेलो. वळून बघितलं तर दादा जिना उतरत होता.

तेव्हापासून बोलावणं नाही. मी दर वर्षी वाट बघितली. मार्गशीर्ष लागला की जास्तच.

आमच्या रवळनाथाची जत्रा मार्गशीर्षातल्या अमावास्येला असते. पालखीची पुढची दांडी आमच्या घराच्या खांद्यावर असते, तो आमचा मान. आमचा बाप ती धरायचा, मग दादा. मी लहान असताना दादाचं उपरणं धरून पालखीखालून चालायचो. पालखीखालून चाललं की वर्षभर ताप येत नाही म्हणतात. पुढे दशावतारी, खाजं, रात्रभर डोळ्यांत धूर. मुंबईत मी हजार जत्रा बघितल्या असतील, पण खाज्याला तो आल्याचा वास कुठे नाही.

इथे आमच्या दूधवसाहतीत शहरातून आणलेल्या म्हशी पहिले काही दिवस चारा सोडून शहराच्या दिशेनं तोंड करून उभ्या असतात. गवळी म्हणतात, "साब, वो घर ढूंढती है." आता या मोकळ्या कुरणात आणलेल्या म्हशीला काळबादेवीचा अंधारा गोठा आठवावा! मी हसतो आणि चारा मोजून घेतो.

सुहासिनीला हे पत्रांचं प्रकरण मी सांगितलेलं नाही. उगाच आशा लागायची.

लवू

राजापूर
२६ नोव्हेंबर १९५२

प्रिय लवू,

तुझं पत्र चिपळूणला मिळालं. दोनदा वाचलं, मग मामांना वाचून दाखवलं. हे मी तुला न विचारता केलं, माफ कर. मामा म्हणाले, "भावाभावांच्या भांडनात मोठा पहिला बोलत नाय, आनि धाकटा दुसरा बोलत नाय. मंग बोलनार कोन?"

चिपळूणनंतर मामांच्या टाचेला फोड आले, तेव्हा दोन दिवस थांबलो. महाडला दर्ग्याच्या पडवीत मुजावरांनी चादर दिली होती, इथे धर्मशाळेत एक वृद्ध कीर्तनकार आमच्याशी येशूच्या जन्माबद्दल वाद घालत बसले आणि मग आपल्या ताटातला भात अर्धा वाढून गेले. पनवेलपासून आतापर्यंत देव इतक्या वेळा बदलला, पण "कुठून आलात, पाय दुखतायत का," हा प्रश्न कुठे बदलला नाही.

खाड्या मात्र मला त्रास देतात. तरीच्या होडीत बसून पलीकडे गेलो तर ते चालणं धरायचं का? म्हणून मी होडीतही उभाच राहतो. मामा भडकले. "आरं बाबा, पान्यावरशी येकला येशूच चालला व्हता. तू त्याच्यापेक्षा मोठा झाला का?" होडीतले सगळे हसले. मी खाली बसलो.

तीन-चार दिवसांत देवखोल. पाणी मागणार आहे. पुढचं ठरवलेलं नाही.

ॲम्ब्रोज

कसाल
२ डिसेंबर १९५२

प्रिय लवू,

आधी कबूल करतो, तुझं सांगणं मोडलं.

परवा दुपारी ओढा ओलांडला. सुरंगी दिसली. अंगणात एक माणूस पाटावर बसून सुपारी कातरत होता. उंच, डोक्याचे केस पांढरे, उजवा खांदा जरा खाली. मी म्हटलं, "पाणी मिळेल?" त्यानं आत हाक मारली, पाणी आलं, मी प्यालो, आणि पेला खाली ठेवता ठेवता तोंडून निघून गेलं, "मला लवूनं पाठवलंय."

अडकित्ता थांबला. मग परत चालू झाला. शेवटी म्हणाले, "बसा मास्तर." मी मास्तर आहे हे मी सांगितलं नव्हतं. म्हणजे तुझे मित्र कोण, काय करतात, हे त्यांना ठाऊक आहे. गावातला जो कोणी मुंबईहून येतो, त्याच्याकडून ते काढून घेत असावेत.

वनमालावहिनी बाहेर आल्या. बारीक, चटपटीत, कमरेत वाकलेल्या. उभ्या उभ्याच प्रश्न सुरू. "दोगांचा बरा आसा मां? ती काय करता? शिवणाक जाता अजून? माशे खाता काय ओ ती, घाटावरली?" मी म्हटलं, "खाते, आणि चांगले करतेही." "करतली कशी? माशांक घालूची तिरफळा कोण देता तिका?" असं म्हणून आत गेल्या. दादांनी तोंड वर केलं नाही, पण ऐकत होते.

आम्ही दोन रात्री राहिलो. मामांच्या फोडांवर दादांनी स्वतः कसला तरी पाला वाटून बांधला. तुझ्याविषयी, सुहासिनीवहिनींविषयी त्यांच्या तोंडून एक शब्द नाही. निघताना मला राहवेना. म्हटलं, "काशीरामदादा, लवू सोळा वर्षं तुमच्या बोलावण्याची वाट बघतोय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गात मी एखाद्या मुलाकडे बघतो, ज्याला पहिल्या इयत्तेतलं येत नाही.

"बोलावणा? कसला बोलावणा?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, बोलावल्याशिवाय येऊ नको?"

"घराक येव नको म्हटलंय. जत्रेक नाय. जत्रेक कोण कोणाक बोलावता मास्तर? जत्रा काय माझी? ती देवाची. पोरग्या-टोरग्यांनी, चोरा-चिलटांनी सगळ्यांनी येवचा. देवाकडे ईलो की मागसून घराक येतलोच, तेका कोण अडयता? मी सोळा वर्सां वाट बघतंय. दर जत्रेक बघतंय. ह्येका साधी गोष्ट कळूक नाय? कॉलेज शिकलो म्हणान?"

मी म्हटलं, "आणि गावातले बोलणारे?"

"बोलणारे मेले. ऱ्हवले तेंका दात नाय."

लवू, ऐक. त्यांनी तुझ्यासाठी एक दार लावलं आणि दुसरं उघडं ठेवलं, आणि तुला ते कळेल असं धरून चालले, कारण देवखोलच्या कुठल्याही माणसाला ते कळलं असतं. तू मात्र त्या वेळी शहरातला झाला होतास. आमंत्रण आल्याशिवाय जायचं नसतं, हे आपण कॉलेजात शिकलो.

आता निकडीचं. गेल्या वर्षी ते फोफळीच्या झाडावरून पडले, खांदा निखळला. या जत्रेत कसेबसे पालखी धरणार आहेत, शेवटची. त्यांना मुलगा नाही, मुलींचं सासर दूर. तुमच्या घरातून कोणी उभं राहिलं नाही तर जत्रेनंतर गावकरी बसून पुढच्या दांडीचा मान भावकीला देणार. जत्रा मंगळवारी, सोळाला. त्यांनी ये म्हटलेलं नाही. म्हणणारही नाहीत. मी सांगतोय.

उद्या आम्ही पुढे निघतो. पत्र पणजीच्या पोस्टमास्तरांच्या नावे धाड.

ॲम्ब्रोज

आरे कॉलनी
७ डिसेंबर १९५२

ॲम्ब्रोज,

तुला पाणी मागायला सांगितलं होतं, पंचायत करायला नव्हे.

म्हणजे आता खांदा गेला, मुलगा नाही, म्हणून भाऊ आठवला. दांडी धरायला माणूस पाहिजे. सोळा वर्षं माझ्या बायकोला त्यानं माणसात धरलं नाही, तिच्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि आता म्हणे जत्रेला आमंत्रण नसतं, तुला कळलं नाही ही तुझी चूक! वा रे न्याय. मीच मूर्ख. आणि सुहासिनीचं नाव त्यानं एकदा तरी घेतलं का तुझ्यासमोर? तूच लिहितोस, घेतलं नाही. मग मी कोणाच्या भरवशावर तिला त्या अंगणात उभी करू? दोन हजार माणसांच्या समोर?

मान भावकीला जाऊ दे. त्यांचे खांदे शाबूत आहेत.

मी येत नाही. तू तुझा नवस फेड.

लवू

आरे कॉलनी
८ डिसेंबर १९५२

ॲम्ब्रोजभावजींना सुहासिनीचा नमस्कार.

काल ह्यांनी तुम्हाला पत्र टाकलं आणि संध्याकाळी जेवले नाहीत. तेव्हा मी विचारलं. तुमची सगळी पत्रं वाचायला दिली, आणि स्वतः काय लिहिलं तेही सांगितलं. इतके दिवस लपवून ठेवली होती, का तर म्हणे मला आशा लागेल.

भावजी, सोळा वर्षं हे दादांच्या बोलावण्याची वाट बघतात. सुहासिनीला नेईन तरच जाईन, हेही सगळ्यांना सांगतात. पण तुला जायचंय का, असं मला कोणी एकदाही विचारलं नाही. मला जायचंय. मला तो ओढा बघायचाय, ती सुरंगी बघायचीय. ह्यांच्या झोपेतल्या बडबडीत इतक्या वेळा येते ती.

आणि एक. ते तुम्हाला लिहितात की दादांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. घेतलं होतं. हे तेव्हा रागावून गॅलरीच्या टोकाला गेले होते. दादांनी पेला घेतला, उंबरठ्याबाहेरच उभं राहून सगळा रिकामा केला, आणि माझ्या हातात परत दिला. मी त्याच दिवशी ह्यांना सांगितलं होतं. हे म्हणाले, "तहान लागली असेल."

मी आज भाऊच्या धक्क्यावरून चौदा तारखेच्या बोटीची मालवणची दोन तिकिटं आणली. ह्यांना सांगितलं, एक माझं आहे. दुसऱ्याचं तुमचं तुम्ही बघा. तेव्हापासून आमच्यात बोलणं बंद आहे, पण आज सकाळी त्यांनी माळ्यावरची ट्रंक काढून पुसली. कशासाठी, ते मी विचारलेलं नाही.

क्लॅरिसवहिनींना भेटून आले. तुमच्या घरी सगळं ठीक आहे.

सुहासिनी

जुने गोवे
१२ डिसेंबर १९५२

प्रिय लवू,

हे पत्र मी देवखोलच्या पत्त्यावर टाकतो आहे. तुम्ही तिथे नसलात तर दादा आणि वनमालावहिनी ते कोणाकडून तरी वाचून घेतील, आणि माझी फजिती होईल. होऊ दे.

तुझं आणि सुहासिनीवहिनींचं पत्र पणजीला एकाच दिवशी हातात पडलं. आधी तुझं वाचलं आणि वाटलं, आपण दुसऱ्याच्या घरात नको तेवढं बोललो. रात्रभर तेच. सत्य सांगण्याची हौस होती की तुझ्या भल्याची काळजी? दोन्ही होतं, आणि पहिलं जरा जास्त होतं असं मला अजूनही वाटतं. दुसरं पत्र उघडायचा धीर सकाळी झाला, आणि त्यातल्या ट्रंकेवरून हा पत्ता घातला.

काल दर्शन झालं. रांग चर्चच्या बाहेर आंब्यांच्या सावलीपर्यंत गेलेली. आमच्या पुढे काणकोणच्या बायका, मागे एक सारस्वत कुटुंब, म्हातारीच्या हातात शेवंतीची वेणी. मी पुढे झालो. इतक्या दिवसांत मनाशी घोकलेली प्रार्थना आठवेना. आईची हाक आठवली. ताप उतरल्याच्या सकाळी तिनं मला मारलेली, "उठतंस का रं?" एवढीच. मी तिथे वाकलो आणि म्हटलं, "उठलो." मागच्या बाईनं हलकेच पाठीला हात लावला, पुढे सरका म्हणून.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. पाय माझेच दुखत होते. पण हा नवस कोणाच्या हिशेबी, हा प्रश्न मी त्यानंतर मनाशी विचारलेला नाही. ही पळवाट असेल तर असो.

सोमवारी पणजीहून बोटीनं निघतो. एक्सरला पत्र टाक. काय झालं ते सगळं लिही, चांगलं नसलं तरी.

ॲम्ब्रोज

देवखोल
१८ डिसेंबर १९५२

प्रिय ॲम्ब्रोज,

तुझं पत्र आलं, फजिती टळली. मीच वहिनीला वाचून दाखवलं. "उठलो" म्हणालास तिथे तिनं मला थांबवलं आणि म्हणाली, "परत वाच."

आम्ही सोमवारी मालवणला उतरलो, तिथून बैलगाडीनं कसालपर्यंत, मग चालत. सुहासिनीनं वाटेत चपला काढून हातात घेतल्या. विचारलं तर म्हणाली, "तुमच्या मित्राची हौस मलाही असू दे." जत्रेच्या दिवशी दुपारी गावात शिरलो. मी तिला म्हटलं, आपण घराकडे नको, सरळ देवळात जाऊ. दादाचं म्हणणं तंतोतंत पाळायचं मनात होतं. अजून राग होता थोडा.

देवळात हीऽ गर्दी. दादा गाभाऱ्याजवळ उभा, पाठमोरा, डोक्याला उपरणं. खांदा तू लिहिलास त्याहून जास्त गेलाय. सुहासिनी बायकांच्या बाजूला गेली. कोणी ओळखलं नाही आम्हाला. मी खांबाआड उभा राहिलो. खरं सांगायचं तर पळून जाता येईल अशा जागी.

पालखी उचलायच्या आधी आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. मानकरी नारळ हातात घेऊन देवाला सगळं सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला गाव म्हणतं "व्हय महाराजा." दादानं सुरू केलं. पाऊस, भात, गुरं, सर्प-विंचू, गावचे परदेशी गेलेले. मग आवाज जरा खाली आला.

"बा देवा रवळनाथा, बोरीवलीचो एक किरिस्तांव, मास्तर, आणि तेचो मामो, चलान चलान तुझ्या शेजाऱ्याक, गोंयच्या सायबाक भेटूक गेले. तेंच्या पायाक फोड ईले. तेंका सुखरूप घराक पोचव, म्हाराजा."

"व्हय महाराजा!" साऱ्या गावानं तुमच्या फोडांसाठी आरोळी दिली, ॲम्ब्रोज.

"आणि बा देवा, माझो भाव लवू, आणि तेची बायल सुहासिनी, मुंबैत आसत. तेंका राख. तेंच्या दारात काय वायट येव नको. तेंका बुद्धी दी, आणि एकदा तुझ्या पायाकडे घेवन ये, म्हाराजा."

"व्हय महाराजा!"

माझ्या शेजारी एक बिनदातांचा म्हातारा होता. मला म्हणाला, "दर वर्साक हाच. आमका पाठ झाला." मी विचारलं, "तिचंही नाव?" म्हणाला, "पयल्या वर्सापासून. पयल्या वर्साक गाव गप रवलो. कोण व्हय म्हणूक नाय. ह्येनी एकट्यान म्हटल्यान." मग माझ्याकडे नीट बघितलं आणि ओरडला, "आरे काश्या! मुंबैत खय? हो बघ हंय खांबाकडे उभो आसा!"

सगळं देऊळ वळलं. दादा वळला नाही. नारळ हातात धरून तसाच उभा. मला वाटलं, आता काही बोलेल. पण गाऱ्हाण्यात मध्येच माणसाशी बोलायचं नसतं, देवाशीच बोलायचं. त्यानं परत सुरुवात केली. आवाज फुटला, पण थांबला नाही.

"बा देवा, माझो भाव लवू आणि तेची बायल सुहासिनी, आज हंय आसत, म्हाराजा."

गावानं दिलेल्या आरोळीत माझा आवाज नव्हता. सगळे थांबल्यावर बायकांच्या बाजूनं एकटाच एक आवाज आला, जरा उशिरा, घाटावरच्या उच्चारात.

"होय महाराजा."

तुझा,
लवू